पंचेचाळीस सेकंदांचं कारण

३ फेब्रुवारी, मंगळवार

आजपासून माझ्या नावावर एक पॅकेज आहे. आईला सांगितलं तर म्हणाली, "कुठे ठेवणार आहेस? माळा भरलाय."

तिला समजावता समजावता मलाच घाम फुटला. आमची ही फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे हजारो लहानमोठ्या प्रोग्रामांचा पसारा. प्रोग्राम लिहिणारे लोक वेगळे. त्यांनी लिहिलेलं आणायचं, आमच्या सिस्टीमच्या मापात बसवायचं, तपासायचं आणि लोकांच्या तक्रारी ऐकून घ्यायच्या, हे काम माझ्यासारख्या हौशी माणसांचं. अशा बांधून तयार केलेल्या एकेका गाठोड्याला पॅकेज म्हणतात. आईने सगळं ऐकलं आणि म्हणाली, "म्हणजे दुसऱ्यांचे कपडे घडी घालून कपाटात ठेवायचे." दीड वर्ष मी हे शिकतेय, पण इतकं सोपं करून मला गुरुजींनीही सांगितलं नव्हतं.

गुरुजी म्हणजे या कामातले माझे शिक्षक. कधी भेटलेले नाहीत, जे काही बोलणं ते ईमेलवर. मी केलेलं काम ते तपासतात आणि मगच ते पुढे जातं.

माझ्या वाट्याला आलेल्या पॅकेजचं नाव 'पुकारा'. रांगेतले नंबर बोलणारा प्रोग्राम. पडद्यावर आकडा येतो, घंटा वाजते, आवाज येतो, "क्रमांक सत्तावीस." सत्तावीसवाला आत गेला की आतलं माणूस बटण दाबतं. बटण दाबलं गेलं नाही तर प्रोग्राम थोडा वेळ थांबतो, अठ्ठावीस पुकारतो आणि सत्तावीसला यादीच्या शेवटी टाकतो. दोनशे बारा मशीनांवर चालतो म्हणे, सगळ्या कुठेतरी लांब. आधी तो 'घुबड' या टोपणनावाचं कोणीतरी सांभाळत होतं. "आता मला जमणार नाही" एवढी एकच ओळ लिहून त्याने हात झटकले. असं सोडलेलं पॅकेज अनाथ धरतात. मी दत्तक घेतलं. चष्म्याच्या दुकानात दिवसभर काचा घासून आल्यावर एवढं लेकरू झेपेल असं वाटतंय.

८ फेब्रुवारी, रविवार

लेकराच्या अंगावर एक ठिगळ सापडलं. मूळ लेखकाने थांबायची वेळ पंधरा सेकंद ठेवलीय. घुबडाने आमच्या पॅकेजात ती बदलून पंचेचाळीस केलीय. बदल एवढाच, एका आकड्याचा. असे आपल्या पदरचे बदल म्हणजे पॅच. ते आम्ही करतो, पण का केले ते लिहायचं असतं. प्रत्येक पॅकेजबरोबर त्यासाठी तारीखवार वही असते. घुबडाच्या वहीत नऊ वर्षांपूर्वीची नोंद आहे: "वेळ पुन्हा ४५. कारण तिथे जाऊन बघा."

तिथे म्हणजे कुठे? डोक्यावरून गेलं. घुबडाला ईमेल केला, तो पत्ता बंद असल्याचं उत्तर आलं. मग गुरुजींना विचारलं.

"ज्या पॅचचं कारण लिहिलेलं नाही तो काढायचा," गुरुजींनी लिहिलं. "मूळ लेखकापासून जितकं कमी हटू तितकं बरं."

"पण खरंच काही कारण असलं तर?"

"तर कोणीतरी ओरडेल."

हे पटलं. पॅच काढला. मूळ लेखकाची नवी आवृत्तीही घेतली. तिच्यात जुनी कर्कश घंटा जाऊन दोन सुरांची मऊ घंटा आलीय, उंच आणि मग खाली. गुरुजींनी शाबासकी देऊन पाठवून दिलं. दोन आठवड्यांत सगळीकडे पोचेल. इतकं नीटनेटकं काम मी शाळा सुटल्यापासून केलेलं नाही.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

आईची आज काळजी लागली. हृदयाची झडप बदलल्यापासून ती रक्त पातळ ठेवायची गोळी घेते. अर्धी, पाऊण की एक, हे रक्त तपासून ठरतं. त्यासाठी दर मंगळवारी दोन गल्ल्या सोडून असलेल्या दवाखान्यात जाते. नऊला निघते, अकराला घरी. आज अकराला फोन केला, उचलला नाही. बाराला नाही. दीडला उचलला.

"माझा नंबर गेला," म्हणाली.

"गेला म्हणजे?"

"बोलावलं, आणि गेला. मग सगळ्यांच्या शेवटी घेतलं."

"डुलकी लागली असेल तुला."

"बसल्या जागी झोपायला मी काय तुझे बाबा आहे?"

३ मार्च, मंगळवार

आज पुन्हा तेच. पावणेदोन. "मी उठेपर्यंत दुसऱ्याला बोलावतात," म्हणाली.

मी म्हटलं, कंपाउंडर घाई करत असेल, त्याला सांग जरा. मला तो दवाखाना आठवतो. सात वर्षांपूर्वी गेले होते तेव्हा कंपाउंडर दारात उभा राहून खणखणीत आवाजात नावं घ्यायचा. "तो बिचारा काय करणार," आई म्हणाली. मग कोण करणार? मी चिडले. "इतकी वर्षं जातेस, आजवर कधी असं झालं नाही."

"तेच म्हणते मी," आई म्हणाली आणि भांडी पुसायला लागली.

१० मार्च, मंगळवार

आज अकराला फोन उचलला. "झालं," म्हणाली. जीव भांड्यात पडला.

१२ मार्च, गुरुवार

पहिली तक्रार आली. कोणी 'सफेदकोट' नावाने लिहितो: "नवीन आवृत्तीत वयस्कर माणसांचे नंबर सुटतात. आधी असं नव्हतं. कृपया बघा."

बघितलं. घरच्या मशीनवर शंभर वेळा नंबर पुकारले. शंभरही बरोबर. वयस्कर माणसांचे सुटतात म्हणजे काय? प्रोग्रामला वय कसं कळणार? आमच्या रीतीप्रमाणे उत्तर लिहिलं: "माझ्याकडे असं घडत नाही. कसं घडतं त्याच्या पायऱ्या द्या."

संध्याकाळी उत्तर आलं: "१. नंबर पुकारला जातो. २. आजी उठतात. ३. आजी पोचायच्या आत पुढचा नंबर पुकारला जातो."

मी लिहिलं की मूळ लेखकाने ठरवलेली वेळच पंधरा सेकंद आहे, प्रोग्राम ठरल्यासारखा चालतो, सबब हा दोष नाही. तक्रार बंद केली. जरा वाईट वाटलं, पण नियम तो नियम.

१५ मार्च, रविवार

आज घरात एक विचित्र प्रकार झाला.

दुपारी पुकारा तपासत होते. एरवी हेडफोन लावते, आज त्याची पिन नीट बसली नव्हती. घंटा खोलीभर वाजली, "क्रमांक बारा." स्वयंपाकघरात खुर्ची सरकल्याचा आवाज आला. बघते तर आई टेबलाला धरून उठत होती. पिशवी हातात. घाबरलेली.

"कुठे निघालीस?"

"माझा नंबर," म्हणाली. मग इकडे तिकडे बघितलं, ओशाळली. "नाही. काही नाही." पिशवी खुंटीला अडकवून बसली.

घरात बसल्या बसल्या तिला दवाखाना ऐकू येतो. मी ताईला फोन केला. ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी, लांब राहते, आणि प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तिच्याकडे तयार असतं. "सुरुवात अशीच होते," ताई म्हणाली.

१९ मार्च, गुरुवार

सफेदकोटने तक्रार पुन्हा उघडली. मी पुन्हा बंद केली. त्याने पुन्हा उघडली आणि तिच्यावर 'गंभीर' असा शिक्का मारला. हा शिक्का कोणालाही मारता येतो, आणि तोच डोक्याला ताप आहे. १५ एप्रिलला आमची 'गोठवण' आहे. म्हणजे त्या दिवसानंतर पुढच्या मोठ्या आवृत्तीत कोणी काही बदलायचं नाही, दोन वर्षं तेच चालायचं. गंभीर तक्रार उघडी असलेलं पॅकेज तेव्हा यादीतून काढून टाकतात. माझं पहिलंवहिलं पॅकेज, आणि एका हट्टी माणसापायी जाणार. शिक्का 'किरकोळ' केला.

त्याने खाली लिहिलंय: "तुम्ही एकदा इथे येऊन बघा."

सगळ्यांना मला कुठेतरी बोलवायचंय.

२२ मार्च, रविवार

स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर आई एक-दोन दिवसांआड काहीतरी आकडे लिहिते. ११ तारखेच्या चौकोनात ४१. मग ४१, ३९, ४३, ३८. आज ३७. दूध-पेपरचा हिशोब म्हणावा तर तो मी ठेवते. रक्तदाब म्हणावा तर इतका कमी झालेलं माणूस उभं राहणार नाही. विचारलं तर म्हणाली, "असंच." शिवाय ती स्वयंपाकघरात उगाच खुर्चीतून उठते, दारापर्यंत जाते, परत येऊन बसते. ओठ हलत असतात. परवा मी आडून पाहिलं, तीन वेळा केलं.

कॅलेंडरचा फोटो ताईला पाठवला. तिचा लगेच फोन आला. "मी अठराला येते आणि तिला इकडे घेऊन जाते. तू दिवसभर दुकानात. ती एकटी गॅस चालू ठेवून बसली तर?"

आईला सांगितलं. ती कॅलेंडरसमोर जाऊन उभी राहिली. मग म्हणाली, "अठराला म्हणजे अजून चार आठवडे आहेत." कशाला आहेत ते बोलली नाही.

२८ मार्च, शनिवार

आईला स्मरणशक्तीच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तिला घड्याळ काढायला लावलं, शंभरातून सात सात वजा करायला लावले. तीन शब्द सांगितले आणि पाच मिनिटांनी विचारले.

"छत्री, बटाटा, खिडकी," आई म्हणाली. "आणि तुम्ही मघापासून पेनाचं टोपण शोधताय, ते तुमच्या खिशात आहे."

डॉक्टर हसले. मला बाजूला घेऊन म्हणाले, "उत्तरं सगळी बरोबर आहेत. फक्त वेळ लागतो. सहा महिन्यांनी पुन्हा बघू." म्हणजे ठीक आहे की नाही? ताई म्हणते वेळ लागतो हेच लक्षण. घरी आल्यावर आई दारात चपला काढताना म्हणाली, "खरं सांग, तुला काय वाटतं?" मी म्हटलं, "मला काही कळत नाही गं." त्यात खोटं काही नव्हतं, पण तिचा चेहरा पडला.

१ एप्रिल, बुधवार

शिक्का: गंभीर. किरकोळ. गंभीर. किरकोळ. सफेदकोटला दुसरे उद्योग नाहीत. गुरुजींचा ईमेल आला: "कोणीतरी ओरडतंय असं दिसतं." यात टोमणा होता की नुसती माहिती?

५ एप्रिल, रविवार

आईच्या दंडावर तळहाताएवढा काळानिळा डाग. "दाराला लागलं असेल." दुसरा मांडीवर. दात घासताना रक्त येतं हेही आज सांगितलं. मी दवाखान्याची फाइल काढली. शेवटचा कागद ३ मार्चचा.

पाच आठवडे तपासणी नाही. गोळ्या तेवढ्याच चालू. "दर मंगळवारी झालं म्हणायचीस ना?"

"जाऊन येत होते. नंबर लागायचा नाही, मग यायचे निघून."

"मला सांगायचंस."

"तू फोटो काढून ताईला पाठवतेस," आई म्हणाली.

तसंच मोठ्या हॉस्पिटलात नेलं. रक्त फारच पातळ झालं होतं. डॉक्टर म्हणाले अजून आठवडा गेला असता तर आतल्या आत कुठेही रक्तस्राव झाला असता. गोळ्या दोन दिवस बंद, मग अर्धी, आणि चौदाला नेहमीच्या दवाखान्यात तपासणी. चौदाला मी सुट्टी काढून बरोबर जाणार आहे. त्या कंपाउंडरला दोन शब्द सुनावायचे आहेत.

१४ एप्रिल, मंगळवार

जे झालं ते क्रमाने लिहिते, नाहीतर मला स्वतःलाच खरं वाटायचं नाही.

नऊला पोचलो. दारात नावं घेणारं कोणी नव्हतं. आईने खिडकीवरून चिठ्ठी घेतली, एकतीस. भिंतीला लागून खुर्च्या, आणि मागच्या ओळीत पाच-सहा म्हातारी माणसं. आईला बघून त्यांनी माना हलवल्या. एक आजोबा मला म्हणाले, "आमची ही शेवटची बाकं. ज्यांचे नंबर जातात ते इथे." मी छताकडे, पंख्याकडे बघत होते. तेवढ्यात घंटा वाजली. दोन सूर, उंच आणि मग खाली.

मला आधी वाटलं माझ्याच पिशवीत काहीतरी वाजतंय.

समोर भिंतीवर पडदा होता. "क्रमांक तीस." तो आवाज मी घरी शेकडो वेळा ऐकलाय. आई लगेच सावरून बसली. पिशवीचा बंद मनगटात अडकवला, काठी दोन पायांच्या मधे रोवली, खुर्चीच्या कडेवर आली. तिचे ओठ हलत होते. "क्रमांक एकतीस." तिने काठीवर भार टाकला. गुडघा आधी अर्धा सरळ झाला, मग थांबला, मग पूर्ण. मी भिंतीवरच्या घड्याळाचा काटा बघत होते. ती ताठ उभी राहून पहिलं पाऊल टाकते न टाकते तोच घंटा वाजली. "क्रमांक बत्तीस." हेल्मेट हातात घेतलेला एक माणूस तिच्या बाजूने सरळ आत गेला.

आई माझ्याकडे न बघता म्हणाली, "आज चांगली उठले होते."

मी खिडकीशी गेले. कंपाउंडर म्हणजे पन्नाशीतला, कोटाच्या बाह्या दुमडलेला गृहस्थ. मी तोंड उघडायच्या आतच तो म्हणाला, "ताई, मला माहिती आहे तुम्ही काय बोलणार. दिवसाला वीस जणांना पुन्हा शेवटी घ्यावं लागतं, काही तर निघून जातात. तो आकडा प्रोग्रामच्या आत आहे, माझ्या हातात नाही. महिनाभर लिहितोय मी. तिकडे कोणीतरी एक शहाणी बसलीय, ती म्हणते हा दोषच नाही. पायऱ्या द्या म्हणते. इथे गुडघ्यांनी पायऱ्या चढवत नाहीत म्हणून तर रडतोय आम्ही."

"ती मी," मी म्हटलं.

"कोण?"

"शहाणी."

तो माझ्याकडे बघत राहिला. रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने मागे आईकडे बघितलं आणि विचारलं, "या आजी तुमच्या कोण?"

"आई."

मग त्याने बाजूचं दार उघडून मला त्याच्या कॉम्प्युटरसमोर बसवलं. मी आकडा शोधला, पंधरा खोडून पंचेचाळीस केला, प्रोग्राम पुन्हा चालू केला. दोन मिनिटांचं काम. मागच्या बाकावरचे आजोबा पहिल्याच हाकेला आत पोचले आणि दारातून वळून बघितलं, कोणी अडवत तर नाही ना म्हणून.

"पुढच्या अपडेटला पुन्हा पंधरा होणार," कंपाउंडर म्हणाला. "आणि आमचं झालं. बाकीच्या दोनशे अकरा ठिकाणी कोण जाणार?"

उद्या गोठवण. नवीन बदल आत यायला दहा दिवस लागतात. मी हे त्याला सांगितलं नाही.

आईची तपासणी झाली. रक्त ठीक आहे. येताना रस्त्यात मी तिला सगळं सांगितलं. ते मशीन, तो आकडा, आणि तो मीच बदललेला.

"घड्या घालता घालता?" आई म्हणाली.

"हो."

"म्हणजे माझं डोकं ठिकाणावर आहे."

"आहे गं. पूर्वीपासून आहे."

"मला वाटतच होतं," ती म्हणाली. थोडं चालून थांबली. "मधले काही दिवस मात्र मलाही खात्री नव्हती."

मला रस्त्यातच रडू आलं. तिने पिशवीतून रुमाल काढून दिला, आणि तो काढायलाही तिला वेळ लागला.

१५ एप्रिल, बुधवार

गोठवणीनंतर सवलत हवी असेल तर अर्ज करावा लागतो. त्यात तीन प्रश्न. बदल का हवा? आधी ही तक्रार आली होती का? आणि बदल कसा तपासला? पहिल्या दोन्हींची उत्तरं लाज सोडून लिहिली. तिसऱ्याला अडकले. मी कधी तपासलंय? मी घरी बसून शंभर वेळा पुकारलं होतं, उठलं कोणीच नव्हतं.

पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले आणि कॅलेंडरसमोर उभी राहिले. ४१, ४१, ३९, ४३, ३८, ३७, असेच महिनाअखेरपर्यंत. एप्रिलच्या पानावर ३६, ३४, ३४. डाग निघाले तो आठवडा रिकामा. परवाच्या चौकोनात ३३.

"आई, हे सेकंद आहेत?"

"मोजून मोजून आहेत," ती भाजी निवडता निवडता म्हणाली. "खुर्चीपासून दारापर्यंत. दवाखान्यात साधारण तेवढंच अंतर. पंधरावर आणायचे होते, ताई यायच्या आत."

मी खाली बसले. हीच ती लक्षणं, ज्यांचा फोटो मी पाठवला होता.

ते सगळे आकडे तारखांसकट अर्जात उतरवले. खाली लिहिलं: तपासणारी व्यक्ती, वय चौऱ्याहत्तर, उजवा गुडघा दुखरा, रोज सराव, महिन्याभराच्या मेहनतीनंतर सर्वांत कमी वेळ तेहतीस सेकंद. आणि पॅकेजच्या वहीत घुबडाच्या नोंदीच्या वर माझी: "वेळ पुन्हा ४५. कारण: माणसाला आधी उठावं लागतं. मी तिथे जाऊन पाहिलं."

सफेदकोटची तक्रार उघडली, शिक्का 'गंभीर' केला आणि लिहिलं, "दोष होता. माझा होता."

संध्याकाळी अर्जाचं उत्तर आलं. एक शब्द, "मंजूर." त्याखाली गुरुजींचा ईमेल: "कारण नसलेला पॅच काढा असं मीच शिकवलं. इतकी वर्षं शिकवतोय. आणखी कुठे कुठे काय काढलं गेलं असेल, या विचाराने दुपारपासून सुचत नाही."

ताईला फोन केला. ती आधी भांडली, मग म्हणाली, "तिकीट रद्द करू का?" आईने माझ्या हातातून फोन घेतला. "ये की. नातवंडांना घेऊन ये. जाताना मला सोडून बाकी काय हवं ते ने."

२१ एप्रिल, मंगळवार

अकराला दुकानातून फोन केला. आईने उचलला.

"झालं?"

"झालं. कागद टेबलावर ठेवलाय, येऊन बघ."

"बघायची काही गरज नाही," मी म्हटलं. मग राहवेना म्हणून विचारलं, "आज किती लागले?"

"मोजले नाहीत," आई म्हणाली.